कोरा कागद आणि समोरचे शहर

सराव मध्येच थांबण्याचा अनुभव हौशी चित्रकारांना नवीन नाही. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या असतात, श्रेणीही बरी मिळालेली असते. पुढे नोकरी-संसारात वही कपाटात जाते. कधीतरी हौसेने नवी वही आणली जाते आणि पहिल्याच पानावर हात अडतो. काय काढावे, हेच सुचत नाही. अनेक जण या अवस्थेला प्रतिभेचा अभाव समजून वही मिटतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा अडचण हाताची नसून विषयाविषयीच्या कल्पनेची असते. चित्राचा विषय म्हणजे डोंगर, होडी आणि मावळता सूर्य, ही शालेय वयात पक्की झालेली समजूत सहजी सुटत नाही.

नवी मुंबईसारख्या आखीव शहरात तर या समजुतीला बळच मिळते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेल्या या शहरात पत्ता सेक्टरच्या क्रमांकाने सांगितला जातो. नाशिकसारखे घाट नाहीत, पुण्यासारखे वाडे नाहीत. मग काढायचे तरी काय?

या प्रश्नाचे मराठीतील सर्वांत गंभीर उत्तर प्रभाकर बरवे यांनी दिले आहे. बरवे (१९३६-१९९५) यांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा, शिक्षण सर ज. जी. कलाशाळेतील. विणकर सेवा केंद्रातील नोकरीच्या निमित्ताने ते काही वर्षे वाराणसीत होते. तेथील तांत्रिक चिन्हांचा प्रभाव त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांवर दिसतो. नंतर मात्र ते घरातल्या वस्तूंकडे वळले. घड्याळ, झाडाचे पान, सेफ्टी पिन अशा कोणाचे लक्षही जाणार नाही अशा गोष्टी त्यांच्या कॅनव्हासवर, तेही घरगुती एनॅमल रंगांत, अवतरल्या. वस्तूला तिच्या उपयोगापासून सोडवून पाहिले, की तिचा आकार बोलू लागतो, हे त्या चित्रांतून लख्ख दिसते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचे नावच ‘कोरा कॅनव्हास’ आहे. बरवे वर्षानुवर्षे रोजनिशी लिहीत. तिच्यात रेखाटने असत, टिपणे असत, अर्धवट सोडलेले विचारही असत. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा ही बाजू अनेकांसमोर प्रथमच आली. कोऱ्या कागदाचे भय वाटणाऱ्याने पूर्ण चित्रांआधी ही टिपणे पाहावीत. सुचण्याची वाट न पाहता नोंदी करत राहणे हाच त्यांच्या कामाचा पाया होता.

नात्यातलेच दुसरे उदाहरण शिल्पकार वि. पां. करमरकर यांचे. पुण्यातील शिवरायांचा भव्य अश्वारूढ पुतळा घडविणाऱ्या करमरकरांनी सासवणे येथील आपल्या घरी म्हैसही तितक्याच निष्ठेने घडविली. आर. के. लक्ष्मण यांना तर कावळ्याने जन्मभर पुरविले.

अर्थात प्रत्येक विराम म्हणजे अडथळा नव्हे. वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रे करत. बाकीचा काळ पाहण्यात आणि विचारात जाई. फरक इतकाच, की त्या काळातही त्यांचे पाहणे थांबलेले नसे. हौशी चित्रकाराचे बहुधा तेच आधी थांबते.

पाहायचेच ठरविले, तर नवी मुंबई कंजूष नाही. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात माथाडी कामगाराच्या पाठीवर गोणी येते, तेव्हा मानेपासून टाचेपर्यंत जी एक रेषा तयार होते, ती कोणत्याही वर्गातील मॉडेल देऊ शकत नाही. दिवाळ्याच्या कोळीवाड्यात वाळत घातलेली जाळी आहेत. बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज म्हणजे चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात लहान चौकांभोवती रचलेली घरे. रहिवाशांनी गरजेप्रमाणे ती वाढवावीत, अशीच योजना होती. लोकांनी ती इतकी मनापासून वाढविली, की मूळ घर शोधणे हाच आता रेखाटनाचा चांगला विषय ठरावा. हिवाळ्यापासून मेपर्यंत खाडीकाठी रोहित पक्षी असतात. मात्र त्यांच्यापासून सुरुवात न केलेली बरी, कारण कागदावर पुन्हा ‘चित्रासारखे चित्र’ येण्याचा धोका तेथेच अधिक. त्यापेक्षा लोकलमध्ये समोर डुलक्या घेणाऱ्याचे मांडीवरचे हात काढावेत. कोणाचा चेहरा काढायचा झाल्यास विचारून घेणे हा साधा शिष्टाचार होय.

हात मोकळा करण्याच्या काही जुन्या युक्त्या आजही उपयोगी पडतात. अमेरिकी कलाशिक्षक किमोन निकोलाइडीस यांच्या १९४१ साली निघालेल्या पुस्तकात, कागदाकडे न पाहता वस्तूच्या कडेवरून नजर फिरवत त्याच वेगाने रेषा ओढण्याचा सराव दिला आहे. चित्र वेडेवाकडेच येते, पण ‘नीट आले पाहिजे’ हा धाक त्यात मुळातच राहत नाही. बेटी एडवर्ड्स यांनी १९७९ च्या पुस्तकात चित्र उलटे ठेवून नक्कल करायला सुचविले. नाक, डोळा ही नावे त्यामुळे मागे पडतात आणि केवळ रेषा दिसू लागतात. तिसरी युक्ती खोडरबर घरी ठेवण्याची. बॉलपेनने पाच मिनिटांत एक रेखाटन करावे आणि पान उलटावे. वही महागडी नसावी, हेही महत्त्वाचे, कारण चांगला कागद वाया जाईल या भीतीनेच निम्म्या वह्या कोऱ्या राहतात.

गेल्या काही वर्षांत जगभर शहरी रेखाटनकारांचे गट उभे राहिले. गॅब्रिएल कँपानारिओ या वृत्तपत्रीय चित्रकाराने २००७ मध्ये सिएटलमधून याची सुरुवात केली. जागेवर बसून काढणे, स्थळ-काळाशी प्रामाणिक राहणे ही त्यांची मुख्य अट आहे. नवी मुंबईत तिला निराळेच वजन येते. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, दहा गावांची वस्ती हलली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटनही झाले. त्या टेकडीची बाह्यरेषा कोणी कधी वहीत टिपली असेल, तर ते रेखाटन कच्चे असले तरी आता पुन्हा जागेवर बसून काढता येणार नाही. म्हणून पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि ठिकाण लिहावे. सेक्टरचा क्रमांकही चालेल.