दलाल, हुंडेकरी आणि वृत्तिवंत

सोलापूरला समुद्र नाही. मुंबईचे बंदर येथून सुमारे चारशे किलोमीटर दूर, आणि जहाज म्हणजे काय हे पुष्कळांना अजून चित्रपटातूनच ठाऊक. तरीही मुंबईहून गोव्याकडे, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझचे आरक्षण आता सोलापुरातल्या प्रवासी कचेरीत बसून करता येते. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया क्रूझेसच्या फेऱ्या मुंबईहून सुरू झाल्यापासून ही गोष्ट विशेष नवलाची राहिलेली नाही. गिऱ्हाईक शेवटी एक प्रश्न हमखास विचारते, "तुमचे किती द्यायचे?" आणि एजंट हमखास उत्तर देतो, "आमचे काही नाही, आम्हाला कंपनी देते." हे उत्तर खोटे नाही. पण ते पूर्ण खरेही नाही, आणि त्याच्या अपुरेपणातच आम्हाला एक मोठा इतिहास दडलेला दिसतो. तो अर्थशास्त्रापेक्षा भाषेला अधिक ठाऊक आहे, म्हणून साहित्याच्या वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहोत.

आधी आजचा व्यवहार पाहू. समजा, एका खोलीतल्या दोन प्रवाशांना मिळून १,२०,००० रुपये सांगितले गेले. एजंटाचे कमिशन या रकमेवर लागत नाही. बंदराची फी, कर, जहाजावरच्या नोकरवर्गाची बक्षिसी आणि कंपनीने 'कमिशन-बाह्य' ठरवलेला भाड्याचा काही भाग आधी वजा होतो. उरलेले मूळ भाडे समजा ८०,००० असेल, तर दहा टक्क्यांनी एजंटाला ८,००० मिळतात. जगभरच्या क्रूझ कंपन्यांत दर साधारण दहा टक्क्यांपासून सुरू होतो, आणि वर्षभरात अधिक खोल्या विकणाऱ्याला पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत चढतो. कमिशन-बाह्य भाग जेवढा फुगवावा तेवढी टक्केवारी तीच राहूनही एजंटाच्या हाती कमी पडते. ही कंपन्यांची जुनी युक्ती. शिवाय परदेशी कंपनीचा भारतात एक मुख्य प्रतिनिधी असतो, त्याच्याखाली मुंबई-पुण्याचे मोठे व्यापारी, आणि त्यांच्याखाली सोलापूरसारख्या गावातला छोटा एजंट. वरून निघालेली टक्केवारी प्रत्येक पायरीवर थोडी थोडी झिरपत खाली येते. मोठा गट नेला तर ठरावीक प्रवाशांमागे एक जागा फुकट मिळते. तिचे काय करायचे हे एजंटाच्या सदसद्विवेकावर सोपवलेले असते.

या धंद्यातली एक रीत मात्र आम्हाला फार बोलकी वाटते. प्रवासी जहाजावर असतानाच पुढच्या सफरीचे पैसे भरतो, तेव्हा त्या विक्रीत एजंटाचा कसलाही हात नसतो. तो बिचारा आपल्या कचेरीत असतो. तरीही बहुतेक कंपन्या ते आरक्षण पहिल्या एजंटाच्याच नावावर टाकतात आणि कमिशन त्याला पोचवतात. गिऱ्हाईक एकदा ज्याचे झाले त्याचेच राहिले. या रीतीकडे आपण पुढे परत येऊ.

आता शब्द. मराठीत 'दलाल' ही जवळजवळ शिवी झाली आहे. परंतु मूळ अरबी धातूचा अर्थ वाट दाखवणे असा आहे. 'दलील' म्हणजे मार्गदर्शक, आणि त्यावरूनच पुरावा किंवा युक्तिवादही. बाजारात घेणाऱ्याला विकणाऱ्याची वाट दाखवतो तो दलाल. वाटाड्याचा शब्द बाजारात जाऊन मळला. त्यामानाने 'अडत' हा शब्द प्रतिष्ठित राहिला. अडत्याचे दुकान असते, पाटी असते, गादी असते. सोलापूरच्या कांद्याच्या बाजारात अडत कोणाच्या पट्टीतून कापायची हा वाद किती पेटू शकतो, हे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. २०१६ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. रक्कम तीच होती. कागदावर ती कोणाच्या नावे पडावी एवढाच प्रश्न होता, आणि त्यासाठी लिलाव थांबले. "आम्हाला कंपनी देते" या वाक्याचे वजन यावरून कळावे.

हे वाक्य प्रवासाच्या धंद्यात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर चालवले ते टॉमस कुकने. ५ जुलै १८४१ रोजी त्याने मद्यपानविरोधी सभेसाठी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे आगगाडीने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. १८४५ च्या लिव्हरपूल सहलीपासून तो नफ्यासाठी सहली काढू लागला. रेल्वेला रिकामे डबे भरून हवे होते, कुकला भाड्यातला हिस्सा हवा होता आणि प्रवाशाला स्वस्त तिकीट; तिघांचेही भागले. पण भागणे किती नाजूक होते ते १८६२ च्या सुमारास दिसले. स्कॉटलंडच्या रेल्वे कंपन्यांनी कुकशी करार चालू ठेवण्यास नकार दिला. त्याचे गिऱ्हाईक तुटले नव्हते, नावही गेले नव्हते; देणारा हात आखडला एवढेच. कुकला युरोपखंडाकडे वळावे लागले, आणि स्वित्झर्लंडच्या सहली या अडचणीतून जन्मल्या. आपल्याकडे २००८ च्या अखेरीस अनेक विमान कंपन्यांनी एजंटांचे कमिशन शून्यावर आणले तेव्हा हाच प्रसंग पुन्हा घडला. जहाजांच्या विक्रीकडे एजंट आस्थेने वळले याचे एक कारण तेच; तिथे टक्केवारी अजून शिल्लक होती.

जहाज आणि दलाल यांचे नाते मुंबईला मात्र त्याआधीपासून ठाऊक होते, ते हजयात्रेमुळे. १८७१ मध्ये मुंबई-रायचूर लोहमार्ग जोडला गेला आणि सोलापूर त्यावर आले; दख्खनेतल्या यात्रेकरूंना बंदर गाठणे सोपे झाले. बंदरावर त्यांची गाठ पडे ती तिकीट-दलालांशी. परभाषेच्या शहरात, जहाज कधी सुटेल हे न कळणारा माणूस दलालावाचून काय करणार? १८८० मध्ये 'जेद्दा' नावाच्या जहाजाला त्याचा कप्तान व अधिकारी नऊशेंहून अधिक यात्रेकरूंसह भर समुद्रात सोडून गेले; जहाज बुडाले नाही, ते एडनला ओढून आणले गेले. जोसेफ कॉनरॅडच्या 'लॉर्ड जिम' या १९०० च्या कादंबरीतले 'पाटणा' जहाज म्हणजे हेच. कादंबरीत जिमच्या अपराधभावनेची चिकित्सा पानोपानी आहे. जहाजात दाटीवाटीने कोंबलेल्या माणसांना तिकिटे कोणी आणि कोणत्या हिशेबाने विकली असतील, हा प्रश्न अभ्यासक क्वचितच विचारतात. दाटी हा अपघात नव्हता. ज्याला डोक्यामागे पैसे मिळतात त्याचे हित डोकी वाढण्यात असते. १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने हजयात्रेची व्यवस्था टॉमस कुक कंपनीकडे दिली ती याच गैरव्यवस्थेला आळा घालावा म्हणून. तो व्यवहार फायद्याचा ठरला नाही आणि १८९० च्या दशकात कंपनीने अंग काढून घेतले. मुंबईहून हजसाठी जहाजे मात्र १९९५ पर्यंत जात राहिली.

दलालाखेरीज मराठीने आणखी एक माणूस ओळखला होता, तो हुंडेकरी. हा टक्केवारी घेत नसे. माल अमुक गावी पोचवण्याचा एकच ठोक आकडा ठरे. वाटेतले भाडे, जकात, नुकसान सारे त्याच्या शिरावर. उरले तर त्याचे, बुडाले तरी त्याचेच. आजची 'सर्व खर्चासह' सहल हा हुंड्याचाच व्यवहार आहे, आणि जहाजावरच्या पन्नास खोल्या सहा महिने आधी स्वतःच्या पैशाने अडवून ठेवणारा मोठा व्यापारी हा हुंडेकऱ्याचा वारस. कमिशनवाल्या एजंटाचे जहाज रिकामे गेले तर त्याची कमाई बुडते. याची मात्र पुंजी बुडते. त्यामुळे त्याच्या बोलण्यातली निकड निराळी असते. "दोनच जागा उरल्या आहेत" हे वाक्य दोघेही म्हणतात, पण दुसऱ्याच्या घशाला कोरड पडलेली असते.

तिसरा माणूस वृत्तिवंत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. आपले गाव व आडनाव सांगितले की पणजोबा कधी येऊन गेले ते निघते. त्या वह्यांकडे आपण वंशावळीचे साधन म्हणून कौतुकाने पाहतो. त्या वस्तुतः गिऱ्हाइकांच्या याद्या होत्या. अमुक गावचा यजमान अमुक उपाध्याचा, हा हक्क म्हणजे वृत्ती. आणि वृत्ती वतनासारखी वारशाने जाई, वाटली जाई, विकलीही जाई. गावजोशाचेही तसेच. लग्न दुसऱ्याने लावले तरी दक्षिणा माझी, असे दावे एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांत गेले, आणि सत्यशोधकांनी ब्राह्मणावाचून लावलेल्या लग्नांचा झगडा याच दाव्यांना येऊन भिडला. जहाजावरच्या आरक्षणाचे कमिशन घरी बसलेल्या एजंटाला पोचवणारी जी रीत वर सांगितली, ती या वृत्तीहून फार वेगळी नाही. फरक एवढाच की तिथे प्रवाशाला दुसऱ्या एजंटाकडे जाण्याची मोकळीक आहे.

ही तिन्ही माणसे एकाच देहात पाहायची असतील तर सोलापूर जिल्ह्यातच, पंढरपुरास जावे लागते. वारीची रचनाच मुळी मध्यस्थावाचून केलेली आहे. दिंडी, विणेकरी, चोपदार, एकत्र शिजणारे अन्न. कोणी कोणाला पंढरपूर विकत नाही. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पंढरपुरात आली तरी पायी चालणाऱ्यांनी चालणे सोडले नाही. पण वाट संपून महाद्वार आले की व्यवस्था बदले. विठ्ठलमंदिराचा कारभार वंशपरंपरेने बडव्यांकडे होता. पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे व डांगे या सात सेवाधाऱ्यांचे हक्क वेगळे, आणि रुक्मिणीमंदिर उत्पातांकडे. देवापुढे पडणारे उत्पन्न गोळा करण्याचा हक्क बडव्यांमध्ये लिलावाने दिला जाई. जो सर्वांत मोठी बोली लावी त्याचे ते उत्पन्न.

या लिलावाकडे आमच्या मते पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. बडव्यांच्या लोभाच्या कथा सर्वांना ठाऊक आहेत. चोखोबांच्या अभंगांपासून ही तक्रार मराठीत नांदते आहे. पण लोभ ही माणसाची वृत्ती झाली, आणि लिलाव हा हिशेब. ज्याने बोली लावून हक्क घेतला आहे त्याच्यापुढे येणारा प्रत्येक वारकरी म्हणजे आधीच खर्च झालेल्या रकमेची वसुली. तो सज्जन असला तरी गणित सज्जन नसते. वृत्तिवंत म्हणून त्याचा हक्क कोणी हिरावू शकत नाही. हुंडेकरी म्हणून त्याची पुंजी अडकलेली आहे. आणि दलाल म्हणून तो भक्ताला देवाची वाट दाखवतो आहे. तिघांच्या जबाबदाऱ्यांपैकी मात्र एकही त्याच्यावर नाही. हुंडेकऱ्याला निदान माल पोचवावा लागे. इथे माल स्वतःच्या पायांनी आळंदीहून, देहूहून चालत आलेला.

१९६८ मध्ये शासनाने बी. डी. नाडकर्णी यांचा चौकशी आयोग नेमला. त्याने वंशपरंपरागत हक्क नष्ट करण्याची शिफारस केली आणि १९७३ चा पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला. तो न्यायालयीन वादांत अडकून १९८५ मध्ये अमलात आला, आणि नंतरही खटले चालूच राहिले. १५ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचे अपील फेटाळले. दरम्यान 'बडवे' हा शब्द मंदिर सोडून राजकारणात गेला होता. राज ठाकरे यांनी २००५ मध्ये शिवसेना सोडताना आपले भांडण विठ्ठलाशी नसून भोवतालच्या बडव्यांशी आहे असे म्हटले, तेव्हा महाराष्ट्रात कोणालाही टीप द्यावी लागली नाही. आडनाव असलेल्या अनेक निरपराध कुटुंबांना ही उपमा किती जड गेली असेल याचा विचार उपमा देणारे करीत नाहीत, आणि ती आवडीने वापरणारे आपण लेखकही करीत नाही.

निकालानंतर, २०१४ मध्येच, मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी अर्ज मागवले. कोणत्याही जातीच्या व्यक्तीला, स्त्रियांनाही, ते करता येणार होते. अर्जदारांच्या मुलाखती झाल्या. नेमणूक पगारी होती. समोर कितीही माणसे येवोत, महिन्याचा आकडा तोच.