आकाशातील गायरान



१९२६ साली अमेरिकेतील एका न्यायालयाने नभोवाणी केंद्रांवरील सरकारी लगाम सैल केला. केंद्रे वाटेल त्या लहरीवर बोलू लागली आणि कोणाचेच धड ऐकू येईना. १९२७ च्या कायद्याने गलका आवरला. पण परवानेदार गप्प असला तरी त्याची जागा कुलुपबंदच राहिली.

१९४८ साली क्लॉड शॅनन यांनी दाखविले की, पट्ट्याची रुंदी, संदेशाचा जोर आणि गोंगाट यांवरून निर्दोष संदेशवहनाची कमाल मर्यादा ठरते. १९९९ साली जोसेफ मिटोला यांनी भोवताल जाणणाऱ्या रेडिओची कल्पना मांडली. त्यातून विचार रुजला: रिकाम्या जागेत बोलावे, परवानेदार येताच दूर व्हावे. २००८ साली अमेरिकेने दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्ट्यांत अशी वाट दिली.

पण भिंतीआडच्या यंत्रास परवानेदाराचा आवाज पोचत नाही. जागा रिकामी समजून ते बोलते आणि तिसऱ्याच श्रोत्याचे नुकसान होते. दोन जोड्या एकाच पट्ट्यात बोलल्या तर एकूण किती सामावेल, याचे सर्वसाधारण उत्तर गणितासही अद्याप सापडलेले नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरविली. कामगार चळवळीत मी एवढेच शिकलो: हक्क सामाईक झाला म्हणजे शिस्त संपत नाही, तीही वाटून घ्यावी लागते.