गेरूची बैलजोडी

माणदेशातल्या आमच्या जुन्या घराच्या दर्शनी भिंतीवर गेरूनं काढलेली बैलजोडी होती. बेंदराला गोठ्यातल्या बैलांना नैवेद्य दाखवून झाला, की आजी भिंतीवरच्या जोडीलाही हळदकुंकू लावायची. ते काँग्रेसच्या चिन्हाचं, प्रचाराचं चित्र आहे हे मला फार उशिरा कळलं. आबा म्हणाले, "पयल्या झेडपीच्या मतदानाला काढल्याली हाय. पुसायचा धीर कुणाला झाला न्हाई."

पहिली झेडपी म्हणजे 1962. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून 1961 साली जिल्हा परिषदांचा कायदा झाला होता. त्याआधी लोकल बोर्डं होती. आबा मराठी शाळेला अखेरपर्यंत 'बोर्डाची शाळा'च म्हणायचे. पण शाळा, दवाखाना, रस्ता, पाझर तलाव या सगळ्याची सूत्रं आपण मत दिलेल्या माणसाच्या हातात येणार, ही गोष्ट त्यांना केवढी मोठी वाटली होती! बैलगाड्या जुंपून वाड्या-वस्त्यांवरची माणसं मतदानाला आणली, हे सांगताना ऐंशीच्या घरातही त्यांचा आवाज चढायचा. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा काँग्रेसकडे गेल्या. शेतकरी कामगार पक्षाचा जोर कुलाब्याकडे आणि आमच्या शेजारच्या सांगोल्यात होता. आमच्या निम्म्या सोयरिकी सांगोल्याच्या, त्यामुळे लग्नाच्या मांडवात बैलजोडी आणि लाल बावटा एकाच पंगतीला बसायचे.

1969 साली काँग्रेस फुटली आणि बैलजोडी गोठवली गेली. 1972 च्या झेडपीला इंदिराबाईंचं गाय-वासरू आलं. आजीनं विचारलं होतं, "मग बैलं कुणाकडं गेली?" आबा म्हणाले, "कुणाकडंच न्हाई." आजीला ते फार लागलं. त्या वर्षी दुष्काळ होता. आमची खरी बैलंही त्याच साली दावणीवरून गेली.

ग्रामपंचायतीची गोष्ट मात्र निराळी. तिथं पक्षाचं चिन्ह चालतच नाही. गावात दोन पॅनल, दोन्हीकडची माणसं काँग्रेसचीच, आणि तरी निवडणूक अशी व्हायची की भावाभावांत वर्षानुवर्षं बोलणं बंद. एका वर्षी आबांचे चुलतभाऊ समोरच्या पॅनलमधून उभे होते. भांडण सामाईक विहिरीच्या पाळीवरून होतं. आदल्या रात्री देवळात बेलभंडारा उचलून शपथा झाल्या. आबा पाच मतांनी पडले. गुलाल आमच्या दारावरून गेला आणि आजीनं दार लावून घेतलं. पुढं तीन वर्षं विहिरीवर दोन्ही घरच्या बायका पाठीला पाठ लावून पाणी शेंदत होत्या. त्या मतदानात कोणता पक्ष जिंकला, असं आबांना विचारलं तर ते नुसतं बघत राहायचे. आज ग्रामपंचायतींचे निकाल लागले की संध्याकाळपर्यंत प्रत्येक पक्ष 'आम्हीच पहिले' म्हणून आकडे सांगतो, तेव्हा मला ती विहीर दिसते. ते आकडे मोजणाऱ्याला आमच्या पाच मतांतली भावकी कशी कळणार?

झेडपीचा कौल मोजता येतो, कारण तिथं चिन्हं असतात. 1995 साली राज्यात युतीचं सरकार आलं, तरी झेडपीत बराच काळ काँग्रेसचीच, आणि 1999 नंतर राष्ट्रवादीचीही, माणसं बसत राहिली. सोसायटी, कारखाना, दूध संघ यांतून विणलेलं जाळं मंत्रालयातल्या बदलानं तुटत नव्हतं. ते उसवलं 2017 मध्ये, भाजप सर्वांत मोठा पक्ष झाला तेव्हा. त्यातही कित्येक माणसं जुनीच होती, नुसता झेंडा बदललेला.

आबांचा राग हरण्याजिंकण्यावर नव्हता, मतदानच न होण्यावर होता. 1979 नंतर झेडपीचं मतदान झालं ते थेट 1992 ला. आर. आर. पाटील 1979 ला सांगली जिल्हा परिषदेवर निवडून गेले आणि 1990 ला आमदार होईपर्यंत तिथंच होते. आबा म्हणायचे, ह्या तेरा वर्षांत गावातली एक पिढी मत न देताच बापय झाली. मला हे त्यांचं म्हणणं आजही पटतं. हरलेला पक्ष निदान दारात येतो. मतदानच नसेल तर कुणीच येत नाही.

पुढं 73 वी घटनादुरुस्ती झाली, दर पाच वर्षांनी निवडणूक आणि बायकांना तिसरा हिस्सा मिळाला. आमच्या थोरल्या आत्या त्यातूनच कपबशी चिन्हावर पंचायतीत गेल्या. पहिल्या सभेत त्यांनी विहिरीच्या पाळ्यांचा विषय काढला आणि वेळापत्रक चावडीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं. त्या दिवसापासून दोन्ही घरं बोलू लागली.

मार्च 2022 मध्ये झेडपीची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता. प्रशासक आला. आबा अंथरुणाला खिळलेले, पण मी गावी गेलो की पहिला प्रश्न तोच: "झेडपीचं मतदान कवा हाय?" मी 'बघू' म्हणायचो. निवडणुका चार महिन्यांत घ्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मे 2025 मध्ये आला. तोवर आबा गेले होते.

घर आता पाडायला काढलंय. परवा भिंतीवरचे चुन्याचे पापुद्रे मी नखानं सोडवत होतो. बैलांची शिंगं आधी दिसली, आणि मग त्यांच्यावर आजीच्या बोटांचं कुंकू.