चर्चच्या तळघरातली बार्बारेस्को

इटलीच्या जुन्या लाल वाइनचा विषय निघाला की आधी नाव येतं बारोलोचं. मला मात्र ओढ आहे ती त्याच पिमाँट प्रांतातल्या, आल्बाजवळच्या बार्बारेस्कोची. या गावाची वाइन सहकारातून उभी राहिली, आणि मीही सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाच्या घरात वाढलो.

द्राक्ष दोन्हीकडे एकच, नेबिओलो. एकोणिसाव्या शतकात बार्बारेस्कोचा बराच माल बारोलोवाल्यांकडे जायचा. गावाच्या नावाला भाव नव्हता. आल्बाच्या वाइनशाळेचे प्रमुख दोमित्सिओ कावात्सा यांनी १८९४ मध्ये नऊ बागायतदार एका सहकारी संस्थेत एकत्र केले, आपल्या गढीत वाइन केली आणि तिला गावाचं नाव दिलं. फॅसिस्ट राजवटीत ती संस्था बंद पडली.

१९५८ मध्ये गावचे पाद्री डॉन फिओरिनो मारेंगो यांनी १९ लहान शेतकऱ्यांना पुन्हा जमवलं. पहिल्या तीन हंगामांची वाइन झाली ती चक्क चर्चच्या तळघरात! मग चौकापलीकडे स्वतःची वायनरी बांधली. संस्थेचं नाव 'प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को'. सभासदाने आपलं सगळं नेबिओलो इथेच घालायचं आणि पैसे मिळणार ते द्राक्षाची प्रत बघून. आमच्याकडे काट्यावर भरलेल्या टनांवर उसाचा हप्ता निघतो, त्यामुळे या नियमाचं मोल मला फार वाटतं.

बारोलो बाजारात येण्याआधी किमान ३८ महिने मुरवतात, बार्बारेस्को २६. नवी असताना ती हिरड्या आवळून धरते. पंधरा-वीस वर्षांच्या बाटलीतली वाइन ग्लासात घेऊन पांढऱ्या कागदावर तिरपी धरा: कडेला विटकरी रंग, वाळलेल्या गुलाबाचा वास आणि त्यातच डांबराचाही. तुरटपणा असतो, पण आता बोचत नाही. तळाशी गाळ बसतो, म्हणून बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवावी.

१९६७ पासून संस्था शिवारवार बाटल्याही काढू लागली. आज अशी नऊ शिवारं आहेत. मोंतेस्तेफानोची वाइन दणकट, आझीलीची नाजूक. पण साल तेवढं उत्तम नसेल तर शिवारांच्या वेगळ्या बाटल्या निघतच नाहीत, सगळा माल साध्या बार्बारेस्कोत जातो. म्हणून माझं ऐकाल तर बड्या घराण्यांच्या आधी या सोसायटीची साधी बाटली घ्या आणि थंड, अंधाऱ्या जागी दहा वर्षं आडवी ठेवा.