पंगतीतलं पांढरं ड्रेसिंग

तिगावात सामूहिक जेवण ठरलं की हल्लीच्या मुलींना कोशिंबिरीत विकतच्यासारखं घट्ट, पांढरं ड्रेसिंग हवं असतं. मेयोनीज मूळचं अंड्याच्या बलकाचं. हिरव्या ठिपक्याच्या बाटलीत अंडं नसतं, पण लसूण असू शकतो. पाठीमागचं बारीक वाचावंच लागतं.

मग घरचं दही घालावं? इथंच खरी गोम आहे. पानात वरण असेल तर कच्चं दही चालत नाही, द्विदळ होतं. पुष्कळजणी याला सासूबाईंचं खूळ समजतात. पण 13व्या शतकात पंडित आशाधरांनी ‘सागारधर्मामृता’त कच्च्या गोरसात मिसळलेलं द्विदल वर्ज्य सांगितलं. आशाधर मुनी नव्हेत, तुमच्याआमच्यासारखे गृहस्थ. जातीने बघेरवाल, आणि राहिले आपल्याच मध्यप्रदेशात, धारजवळच्या नालछ्याला. त्यांच्या आधीच्या शतकात श्वेतांबर आचार्य हेमचंद्रांच्या ‘योगशास्त्रा’तही हेच आहे. दोन्ही पंथ इथं एका ताटात बसतात, हे मला मोठं वाटतं.

नियम पाळणाऱ्या बाया पंगतीत बोलत नाहीत, वाटी गुपचूप बाजूला सारतात. म्हणून गोरसच नको. वाटीभर पांढरे तीळ तासभर भिजवायचे, अर्धी वाटी ओलं खोबरं, हिरवी मिरची, मीठ, लिंबू घालून गंधासारखं वाटायचं, पाणी बेतानंच. तिळाच्या तेलानंच ते दाट होतं. काकडी-टमाटरवर वाढायच्या वेळीच घाला, नाहीतर पाणी सुटतं. भिजवलेल्या मूगडाळीवर घातलं तरी कोणी हात आखडत नाही.