आखाजी, सालदार आणि सोनं

अक्षय्य तृतीया जवळ आली की पेपरचं पहिलं पान सोनेरी होतं. घडणावळीवर सूट, आगाऊ बुकिंग, वगैरे वगैरे. ह्या दिवशी सोनं घ्यायचं ही जणू सणाची मुख्य परंपराच! खानदेशात मात्र ह्या सणाला आखाजी म्हणतात आणि त्याचा इतिहास जरा वेगळा आहे.

आखाजी म्हणजे लेकींचा सण. मान दिवाळीइतकाच. सासुरवाशिणी माहेरी येणार, निंबाला झोके बांधणार, गौराईची गाणी म्हणणार. घरात पितरांच्या नावाने घागर भरायची, आगारी टाकायची. जेवायला पुरणपोळी किंवा खापरावरचे मांडे आणि आमरस. पुरुषमंडळींचे पत्त्यांचे डावही ह्याच दिवशी रंगायचे, आणि ते काही फुकटचे नसायचे.

म्हणजे पूर्वी सण निर्मळ होता आणि आता बाजारू झाला, इतकं सोपं नाही. सालदाराचं वर्ष आखाजी ते आखाजी. ह्याच सुमाराला जुना हिशेब मिटायचा आणि पुढच्या वर्षाचा रोख-धान्याचा बोल ठरायचा. उचल फिटली नसेल तर सालदार त्याच मालकाकडे आणखी एक वर्ष. व्यवहार होताच, आणि तो कठोरही होता. फक्त तो विकत घेण्याचा नव्हता, माणसाच्या श्रमाचा होता.

मग सोनं कुठून आलं? साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून ऐपत असलेले गुंजभर घेत असतीलच; जळगावचा सराफ बाजार काही कालचा नाही. पण 1963 च्या सुवर्ण नियंत्रणात 14 कॅरटपेक्षा शुद्ध नवे दागिने घडवायला बंदी आली. ती पुढे उठली, तरी 1968 च्या कायद्याने सोन्याचं बिस्किट घरात ठेवणं गुन्हाच होता. तो कायदा 1990 मध्ये रद्द झाला, नंतर आयातही सैल झाली. जाहिरातींची लाट आली ती त्यानंतर. त्यात 1987 साली स्थापन झालेल्या वर्ल्ड गोल्ड कौन्सिलचाही हात होता. मुहूर्त जुना, मोहीम नवी.

आता भुसावळजवळचं दीपनगर घ्या. औष्णिक वीज केंद्राची वसाहत, पगार महिन्याला, कामं पाळ्यांत. इथल्या नोकरदाराचं वर्ष आखाजीला सुरू होत नाही. सालदारकी आपल्यासाठी संपली हे चांगलंच झालं. पण सणातलं आपलं काम गेलं की जागा रिकामी होते, आणि रिकामी जागा दुकानदार बरोबर हेरतो. त्याला तरी दोष कशाला द्या?

खरी गोची वेगळीच आहे. आखाजीने लेकीला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे सासरच्या कामातून सुटका, चार दिवसांचा वेळ. आज तीच लेक पुण्यात नोकरी करते. अक्षय्य तृतीया सार्वजनिक सुट्ट्यांच्या नेहमीच्या यादीत नाही, त्यामुळे तिला रजा टाकावी लागते. मोबाईलवरून ग्रॅमभर सोनं मात्र मीटिंग चालू असतानाही घेता येतं.

सोनं घ्या, हरकत नाही. पण निवड करायची वेळ आलीच, तर आधी रजा टाका.