सातपुड्यातील उन्हाळी भटकंती : पेहराव आणि पादत्राणे

अकोला शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवर वसले आहे, तर चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर. दर हजार मीटर चढणीमागे तापमान साधारणतः सहा ते साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की वऱ्हाडकरांची पावले परतवाड्याच्या घाटाकडे का वळतात, हे वेगळे सांगावयास नको. अमरावती जिल्ह्यातील गाविलगड आणि अकोट तालुक्यातील नरनाळा हे दोन्ही किल्ले याच डोंगररांगेत आहेत. मात्र, उन्हाळ्यातील सातपुडा एकाच दिवसात दोन रूपे दाखवितो. दुपारपर्यंत अंग भाजून काढणारे ऊन आणि तिसऱ्या प्रहरी अचानक वावटळ, विजा, प्रसंगी गारा. पेहराव या दोहोंना पुरणारा हवा.

कोरड्या उन्हात सुती कापडाला तोड नाही. त्याचे कारण वऱ्हाडातल्या घराघरांत खिडकीला लावलेले असते. कूलरच्या ओल्या ताट्यांतून कोरडी हवा गेली की पाण्याची वाफ होते आणि खोली थंड होते. घाम धरून ठेवणारा सैल सुती सदरा अंगावर नेमके हेच काम करतो. पण रोहिणी नक्षत्र सरत आले, हवेत दमटपणा आला की कूलर निकामी होतो आणि सुती कापडही. ओला सदरा वाळत नाही, अंगाला चिकटतो, काचतो. त्यात वळीव कोसळून वारा सुटला तर तासाभरापूर्वी घामाने निथळणारा माणूस माथ्यावर कुडकुडू लागतो. म्हणून एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत सुती आणि पुढे लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे कापड, हा विभाग सोयीचा ठरतो. जीन्स मात्र दोन्ही काळांत घरीच ठेवावी; ती भिजली की जड होते आणि गुडघा उचलू देत नाही.

बाह्या पूर्ण असाव्यात. अर्ध्या बाह्यांत वारा लागतो, हा समज ४२ अंशांच्या पुढे खोटा ठरतो. हवा त्वचेहून गरम असते तेव्हा उघड्या हातावर येणारा वारा उष्णताच आणतो. डोके, कान व मान झाकण्यासाठी शेतकऱ्याचा सुती दुपट्टा टोपीपेक्षा सरस आहे. तो भिजवून गुंडाळता येतो, गारांत डोक्यावर जाड घडी करून घेता येते आणि पाय मुरगळल्यास पट्टीचे काम करतो. मात्र, दुपट्ट्यावर फार भिस्त ठेवू नये. सोबत्याचे बोलणे असंबद्ध होऊ लागले, तोल जाऊ लागला, अंग तापले, तर तो उष्माघात समजून त्याला तत्काळ सावलीत न्यावे, पाणी ओतून वारा घालावा आणि दवाखान्याची व्यवस्था करावी. सकाळी अकरापूर्वी चढाई संपविणे हे कोणत्याही कपड्यापेक्षा मोठे संरक्षण आहे.

रंगाचा प्रश्न थोडा अवघड. पांढरा रंग ऊन परतवितो, पण जंगलात उठून दिसतो. हा परिसर मेळघाटच्या वाघांचा आहे. नरनाळ्यासाठी शहानूरला वनविभागाकडे नोंद करूनच पुढे जावे लागते. फिकट खाकी वा मातकट रंग ही चांगली तडजोड. अत्तर टाळावे, कडेकपारींत आग्या मोहोळे असतात.

पावसासाठी जड रेनकोटऐवजी पाठपिशवीसकट अंग झाकणारा पातळ पोंचो पुरेसा आहे. आतून हवा खेळते. कोरड्या कपड्यांचा एक जोड मात्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. विजा चमकू लागल्यावर बुरुजावर किंवा एकाकी झाडाखाली थांबणे धोक्याचे. तेथे कोणताही पोंचो उपयोगाचा नाही.

खरी चूक बहुधा पादत्राणांत होते. पाण्यात टिकणारे म्हणून विकले जाणारे जाड बूट उन्हाळ्यात पाय उकडतात आणि वरून एकदा पाणी शिरले की ते बाहेर जात नाही. जाळीदार किंवा कॅनव्हासचा, घोटा सावरणारा, खोल खाचांच्या रबरी तळव्याचा हलका बूट बरा. खाचा केवळ पावसाकरिता नाहीत. सागाची पानगळ झाल्यावर उतारावर वाळक्या पानांचा थर साचतो, त्याखाली सुटे दगड असतात आणि गुळगुळीत तळवा तेथे पाण्यावाचून घसरतो. वळिवानंतर पायथ्याची काळी माती तळव्याला चिकटून प्रत्येक पाऊल जड करते. काठीने ती वरचेवर खरवडावी.

उष्णतेने पाय सुजतात. त्यामुळे बूट सायंकाळी, मोजे घालूनच खरेदी करावेत आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवावी. अन्यथा उतारावर नखे काळी पडतात. सुती मोज्यांत घाम मुरून फोड येतात, तेव्हा लोकरमिश्रित वा कृत्रिम धाग्याचे मोजे आणि एक राखीव जोड घ्यावा. वाळल्या गवताची कुसळे मोज्यात रुततात, म्हणून विजारीचे पाय घोट्यापर्यंत हवेत. नवे बूट आधी पंधरा दिवस गावातच वापरावेत. वर्षभर माळ्यावर पडलेले बूट तर अधिक तपासावेत. उन्हाळ्याच्या तापाने त्यांचा डिंक सुटतो आणि तळवा नेमका किल्ल्याच्या अर्ध्या वाटेवर जबडा उघडतो. अशा वेळी पिशवीतली दोन हात सुतळी पायथ्यापर्यंत पोहोचविते.